पत्राच्या पोटी

आमच्या घरमालकांची प्रत्येक सूचना आम्हाला तीन वेळा मिळत असे. पहिली प्रत जिन्याखालच्या टपालपेटीत, दुसरी तिकीट लावून रीतसर टपालाने, आणि तिसरी दाराच्या मुठीला दोऱ्याने बांधलेली. ते स्वतः त्याच इमारतीच्या तळमजल्यावर राहत आणि आम्ही दुसऱ्या मजल्यावर. मजकूर तिन्ही प्रतींचा एकच असे: बुधवारी काचेच्या बाटल्या बाहेर ठेवाव्यात, शुक्रवारी प्लास्टिक. समोरच्या कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, झेरॉक्सचे यंत्र होते. ते त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. परंतु तिन्ही प्रती ते हाताने लिहीत. वर जपानी, खाली आमच्यासाठी इंग्रजी. डोक्यावर सूचनेचा क्रमांक आणि तळाशी बारीक अक्षरात मागच्या सूचनेची नक्कल. त्यामुळे येत्या बुधवारच्या बाटल्यांबरोबर गेल्या सोमवारची रद्दीही आम्हाला पुन्हा एकदा कळत असे.

"अगं, हा माणूस बॅकअप घेतोय," मंदार म्हणाला. मंदार माझा नवरा. ओसाकातल्या एका कंपनीत दोन वर्षांच्या करारावर आला होता आणि रोज कोबेहून गाडीने जात असे. "आमच्या डेटा सेंटरमध्येसुद्धा तीनच कॉपी ठेवतात. फक्त तिथे कचऱ्याचा डेटा नसतो."

मी पुण्यात मुलींच्या शाळेत बारा वर्षे इतिहास शिकवला होता. एखाद्या गोष्टीचे कारण कळले नाही की मला अस्वस्थ वाटते. कोबेतील पहिले सहा महिने मी बहुतांशी अस्वस्थ होते आणि त्या अस्वस्थतेचा मोठा वाटा आमच्या ओया-सानांचा होता. ओया म्हणजे घरमालक. त्यांना आम्ही दुसऱ्या कोणत्याही नावाने कधी हाक मारली नाही.

भाडेकराराबरोबर त्यांनी आम्हाला एक अट तोंडी सांगितली होती: त्यांना काही कळवायचे असेल तर ते लिहून, क्रमांक घालून कळवावे. मी शिस्तीची बाई. मला ही अट आवडली. पहिल्या क्रमांकाने मी घर मिळाल्याबद्दल आभार मानले. दुसऱ्याने खिडकीच्या कडीविषयी विचारले. तिसरे पत्र स्वयंपाकघरातील गळक्या नळाविषयी होते. बारा दिवस नळ गळत राहिला. खाली पातेले, पातेल्यात फडके, आणि तरीही त्याचा आवाज. तेराव्या दिवशी मी खाली गेले.

येथे त्यांच्या इंग्रजीविषयी सांगणे आवश्यक आहे. ती भाषा ते कोणा जिवंत माणसाकडून शिकले नव्हते. दोन-अडीचशे वर्षांपूर्वीच्या व्यापारी पत्रांतून शिकले होते. त्यामुळे ते बोलू लागले की आपल्यासमोर कोणी पागोटे घालून उभे आहे असे वाटे. ती मराठीत आणायची तर आपल्या जुन्या पत्रांचीच भाषा वापरावी लागेल.

"आपले तिसऱ्या क्रमांकाचे कृपापत्र आमचे हाती पावले आहे," ते वाकून म्हणाले. "परंतु दुसरे अद्याप पावले नाही. सबब तिसऱ्याचा मजकूर पाहणे उचित नव्हे."

"तुम्ही ते उघडलेलेच नाही?"

"दुसऱ्यात काय आहे ते कळल्यावाचून तिसरे कसे कळावे?"

दुसरे पत्र मंदारच्या कोटाच्या खिशात निघाले. ते त्यांच्या हाती दिले. त्यांनी ते वाचले, मग तिसरे फोडले, आणि अर्ध्या तासात नळाची चकती बदलून दिली. जाताना त्यांनी पातेल्याकडे पाहिले. "बारा दिवस," ते म्हणाले. "विलायतेच्या टपालाच्या मानाने त्वरितच म्हणावे."

मंदार संध्याकाळी हसून लोळला. मला मात्र हसू आले नाही. माणूस मूर्ख असता तर गोष्ट सोपी होती. परंतु नळ त्यांनी उत्तम दुरुस्त केला होता.

*

मला त्यांचा उलगडा होऊ लागला तो आमच्या फ्रिजमुळे.

कोबेतील कचऱ्याचे वर्गीकरण हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. मी त्याचा एक तक्ता करून फ्रिजवर लावला होता आणि तो मोडीत लिहिला होता. मोडी ही मराठीची जुनी जलद लिपी. आधी आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरामागून अक्षर लिहीत जायचे. पुण्यात मी ती सुट्टीच्या वर्गात शिकले होते. हाताची सवय मोडू नये म्हणून वाणसामानाची यादी, कचऱ्याचा तक्ता, असे काहीबाही तिच्यात लिहीत असे.

खिडकीची कडी बसवायला ओया-सान आले आणि फ्रिजसमोर उभे राहिले. बराच वेळ. कडी त्यांच्या हातातच होती.

"हे कोणाचे हस्ताक्षर?"

"माझे."

"आपणांस हे वाचता येते?"

"मीच लिहिले आहे, ओया-सान."

"लिहिता येणे निराळे," ते म्हणाले. "वाचता येते काय?"

मी वाचून दाखवले. बुधवारी काच. शुक्रवारी प्लास्टिक. त्यांनी टोपी काढली. त्या दिवसापासून ते मला 'सेन्सेई' म्हणू लागले. सेन्सेई म्हणजे गुरुजी किंवा बाई. कडी त्या दिवशी बसली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला खाली बोलावले. अर्थात तीन पत्रांनी. त्यांची खोली पाहून माझ्यातील शिक्षिकेचे समाधान झाले. मेजावर शाई, दौत, टीपकागद, काटकोनात. भिंतीला कोबे बंदराचा नकाशा. तरुणपणी ते बंदराजवळच्या एका सिंधी व्यापाऱ्याच्या पेढीत पत्रव्यवहाराचे कारकून होते. त्याच सुमारास एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्यांना एक लाकडी पेटी मिळाली आणि तिच्यामुळे त्यांचे सारे आयुष्य दुसऱ्याच वळणाला लागले.

पेटीत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील एका इंग्रज व्यापाऱ्याची पत्रे होती. हा व्यापारी काही वर्षे आपल्या कोकणात, बाणकोटला होता. त्याने पाठवलेल्या पत्रांच्या नकला एका जाड वहीत होत्या आणि त्याला आलेली पत्रे सुतळीने बांधलेल्या पुडक्यात. वही इंग्रजीत होती. ओया-सानांनी ती तीस वर्षांत इतक्यांदा वाचली होती की ते तिच्याच भाषेत बोलत. त्या काळी एकच पत्र दोन-तीन निरनिराळ्या जहाजांनी पाठवीत. एक बुडाले तर दुसरे पोचावे. आमच्या तीन सूचनांचे मूळ तिथे होते. नुसते अनुकरण म्हणावे तर तसेही नाही. "या इमारतीत पत्र बुडणार नाही, ओया-सान," असे मी एकदा म्हणाले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "आपल्या यजमानांच्या खिशात एक बुडाले होते."

पुडक्याच्या तळाशी दोन कागद होते. बाहेरून व्यापाऱ्याने आपल्या हाताने लिहिले होते: 'देशी कागद. वाचले नाहीत.' ते मोडीत होते.

"तीस वर्षे," ओया-सान म्हणाले, "मला या गृहस्थाचे बोलणे ऐकू येते. समोरच्याचे येत नाही."

मग त्यांनी मला त्या गृहस्थाची अडचण सांगितली. बाणकोटला असताना एके वर्षी ज्येष्ठात त्याने एक गलबत समुद्रात लोटायला लावले. तांडेल, म्हणजे गलबताचा मुख्य खलाशी, नको म्हणत होता. वारा फिरला होता. स्थानिक दलालही नको म्हणत होता. व्यापाऱ्याने ऐकले नाही. गलबत गेले आणि त्याची काही बातमी येण्याआधीच त्याला हुकूम आला. तो मुंबईमार्गे विलायतेला परतला. तिथून त्याने दलालाला अकरा पत्रे लिहिली. मिरी, सुपारी, हवापाणी, आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच प्रश्न: त्या गलबतावरील माणसांचे काय झाले?

"आणि उत्तर?"

"अकराव्या पत्रानंतर वही कोरी आहे," ते म्हणाले. "चहा घ्यावा."

*

मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी मी खाली जाऊ लागले. मोडी कागद वाचणे घाईचे काम नव्हे. तिच्यात शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नसतो आणि प्रत्येक लिहिणाऱ्याची स्वतःची लकब असते. कागदाला कसर लागली होती. मी आधी ओळखीची अक्षरे वेगळी लिहून काढली, मग त्यांवरून अनोळखी. ओया-सान समोर बसत; घाई करीत नसत. उलट एखादी ओळ लवकर लागली तर ते कावरेबावरे होत. "आज एवढेच पुरे," असे म्हणून कागद झाकत. हेच मला समजत नव्हते. तीस वर्षे थांबलेल्या माणसाला दोन ओळी जास्त का नकोत?

पत्रांचे मायने त्यांना फार आवडले. 'विज्ञापना ऐसीजे' हे ते वीस वेळा घोकत. काही दिवसांनी जिन्यात भेटले की मला वाकून म्हणत, "येथील क्षेम." मी म्हणत असे, "तुमचेही असावे." मंदारने ते ऐकले आणि म्हणाला, "तू त्याला बरा करतेयस की तो तुला बिघडवतोय?"

त्यांच्या मेजावर काचेच्या दाबवजनाखाली एक विमानटपालाचा लिफाफा कायम असे. न फोडलेला. त्याच्या कोपऱ्यात जपानी आकडा होता: सात. आकडे आणि वार एवढे मला जपानीत ओळखता येत. स्टेशन आणि कचरा यांनी ते शिकवले होते. एका शुक्रवारी मी विचारले.

"कन्येचे पत्र," ते म्हणाले. "ब्राझीलहून."

"कधी आले?"

"नऊ वर्षे झाली."

मी बोरू खाली ठेवला.

ते नेहमीच्या स्वरात सांगू लागले. मुलीने त्यांच्या मनाविरुद्ध लग्न केले आणि ती ब्राझीलला गेली. तिकडून क्रमांक घालून पत्रे लिही, हे तिला त्यांनीच शिकवले होते. भांडण झाले तरी तिने ती शिस्त मोडली नाही. पाचव्या पत्रात तिने विचारले, मी भेटायला येऊ का? त्यांनी उत्तर पाठवले, येऊ नये. त्यानंतर कोबेचा भूकंप झाला. शहर पडले, रेल्वे बंद, टपाल कुठच्या कुठे. मग काही आठवड्यांनी सातवे पत्र आले.

"आणि सहावे?"

"आले नाही."

"म्हणून तुम्ही सातवे…"

"सहाव्यात काय आहे ते कळल्यावाचून सातवे कसे कळावे?"

मला आमचा नळ आठवला. त्यातील गंमत त्याच क्षणी गेली.

"पण तिला तुमची काळजी वाटली असेल. भूकंप झाला होता, ओया-सान."

"मी जिवंत असल्याचे माझ्या बहिणीने तिला कळवले."

"आणि तुम्ही?"

"आठवा क्रमांक माझ्या उत्तरानंतरचा," ते म्हणाले. "ती शिस्तीची आहे. थांबली असेल." मग त्यांनी माझ्या पेल्यात चहा ओतला. तो आधीच भरलेला होता. चहा बशीत सांडला.

*

मोडी कागद एका मंगळवारी पूर्ण लागला. दलालाचा इंग्रजी जाणणारा लेखक गावी गेला असावा, म्हणून त्याने स्वतःच्या हाताने लिहिले होते. मी आधी मराठीत वाचले, कारण तो आवाज त्या खोलीत एकदा तरी उमटावा असे मला वाटले:

'साहेबांचे सेवेसी विज्ञापना ऐसीजे. येथील क्षेम. विशेष. गलबताचे काळजीत असाल. तरी वारियाने गलबत उत्तरेस जाऊन दंडाराजपुरीचे खाडीत शिरले. डोलकाठी गेली. हबशांनी माणसे दोन महिने अडकवून ठेविली, मग सोडिली. तांडेल व नव असामी सुखरूप घरास आले. चित्ती काही न आणावे. हे वर्तमान मागील पत्री लिहिले होते, ते वाटेत गहाळ जाहले असेल, म्हणोन त्याची नक्कल या पत्राचे पोटी घातली आहे. बहुत काय लिहिणे.'

मग इंग्रजीत सांगितले. दुसरा कागद म्हणजे तीच नक्कल होती.

मला आनंद झाला होता. दहा माणसे सुखरूप होती. दोनशे वर्षे उशिरा का होईना, मला सुटल्यासारखे वाटत होते. ओया-सान मात्र हलले नाहीत.

"म्हणजे हे उत्तर त्याच्या पुडक्यातच होते," ते म्हणाले.

"त्याला मोडी येत नव्हती. विलायतेत कोण वाचून दाखवणार?"

"त्याने अकरा वेळा प्रश्न विचारला. एकदाही लिहिले नाही, की मजकडे एक कागद आहे, तो वाचणारा पाठवा." त्यांनी लिफाफ्याकडे पाहिले नाही, हे माझ्या लक्षात आले. "नकलेचे वाक्य पुन्हा वाचावे, सेन्सेई."

मी वाचले. मागील पत्राची नक्कल या पत्राचे पोटी घातली आहे.

"कळो आले," ते मराठीत म्हणाले.

घरी येऊन मी दारावरची सूचना काढली. तळाशी नेहमीप्रमाणे मागच्या सूचनेची नक्कल होती. मी जिन्यातच उभी राहिले. ही रीत त्यांना त्या मोडी कागदाने शिकवायची गरजच नव्हती. ते ती दर आठवड्याला, आमच्या बाटल्या आणि रद्दीसाठी पाळत होते. मग मुलीला पत्रे लिहायला त्यांनीच शिकवले असेल, तर सहावे कुठे आहे हे त्यांना नऊ वर्षे ठाऊक नव्हते काय? मी संध्याकाळी मंदारला विचारले.

"ठाऊक असणार," तो म्हणाला. या वेळी त्याने थट्टा केली नाही. "फाइल उघडली की एरर दिसते. न उघडता ठेवली की फक्त पेंडिंग."

शुक्रवारी मी खाली गेले तेव्हा मेजावर मोडी कागद नव्हते. लिफाफा आणि कागद कापण्याची सुरी एवढेच होते, काटकोनात.

"सेन्सेई, आपणांस जपानी वाचता येत नाही."

"नाही."

"उत्तम. मग आपण फोडावे."

मी फोडला. कड वाकडी गेली आणि त्याबद्दल मी क्षमा मागितली. आत दोन घड्या होत्या. वरच्या घडीवर सात. दुसरी उघडली; तिच्यावर सहाचा आकडा. जपानी सहाला खाली दोन पाय असतात. या मुलीने उजवा पाय फार लांब काढला होता, पाय पसरून बसल्यासारखा.

"ओया-सान, सहावे आत आहे."

"असणारच," ते म्हणाले. "तिला मीच शिकवले."

मी दोन्ही घड्या क्रमाने ठेवल्या, सहा वर, सात खाली, आणि उठले. दार लोटताना मला कागदाचा आवाज ऐकू आला. त्या पत्रांत काय होते ते मला आजही माहीत नाही.

*

मे महिन्यात आम्ही सुट्टीला पुण्याला निघालो. निघण्याच्या आदल्या दिवशी ओया-सान दारात आले. त्यांच्याजवळ तीन लिफाफे होते, तिन्हींवर एकच क्रमांक, तिन्हींवर तोच ब्राझीलचा पत्ता. एक ते स्वतः कोबेत टाकणार होते. दुसरा मंदारने ओसाकात टाकायचा होता.

"खिशात ठेवू नये," त्यांनी मंदारला बजावले.

"नाही ठेवणार, ओया-सान," मंदार म्हणाला, आणि लिफाफा हातातच धरून स्टेशनला गेला.

तिसरा मी पुण्यातून टाकायचा होता. "निराळे जहाज," ते म्हणाले. मी तो साडीच्या घडीत ठेवून नेला आणि पोहोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी पोस्टात गेले. खिडकीतील बाई पत्ता उलटसुलट पाहून म्हणाल्या, "जपानी माणसाचं ब्राझीलला पत्र, ते पुण्यातून कशाला?" मी कारण सांगू लागले. माझ्यामागे रांग होती, आणि सांगता सांगता मलाही ते पुरेसे पटेना. त्यांनी शिक्का मारला.

आम्ही परतलो. उन्हाळा गेला. ओया-सानांनी पत्राविषयी काही सांगितले नाही, मीही विचारले नाही. एवढेच, की जिन्यातून खाली येताना त्यांची नजर टपालपेटीकडे जाई आणि मग माझ्याकडे. "येथील क्षेम," ते म्हणत. पुढचे काही म्हणत नसत.

ऑक्टोबरात एका सोमवारी सूचना आली. पहिली प्रत टपालपेटीत, दुसरी टपालाने. तिसरी संध्याकाळी दाराच्या मुठीला होती आणि तिचे अक्षर निराळे होते. गोलसर, घाईचे. तारखेत सहाचा आकडा होता. त्याचा उजवा पाय लांब पसरलेला होता. मी दिवा लावून पुन्हा पाहिला. मग सवयीप्रमाणे तिन्ही प्रती शेजारी ठेवून ताडून पाहिल्या. पहिल्या दोन प्रतींत काचेच्या बाटल्या बुधवारी होत्या. तिसरीत त्या गुरुवारी.

ही चूक ओया-सानांच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते. अशा चुकीसाठी त्यांनी पूर्वी अख्खी सूचना पुन्हा लिहून तीनदा वाटली असती. त्यांनी ती खोडली नव्हती. तळमजल्यावरून दोन माणसांचे मोठ्याने बोलणे ऐकू येत होते. भांडण होते की हसणे, मला ठरवता आले नाही.

मंदारने बाटल्यांची पिशवी हातात घेऊन विचारले, "मग नक्की कधी ठेवायच्या बाहेर?"

मी म्हणाले, "तिसऱ्या प्रतीप्रमाणे."